अनोळखी माणसाचं सुतक

लांडग्याला कधी न भ्यालेला म्हस्कू कोकरे अलीकडं देवळाच्या उंबऱ्याला भ्यायला लागला होता. वस्तीत कुणालाच याचा पत्ता नव्हता. लोकांना दिसायचं ते एवढंच, की रविवारी पूजेच्या वेळी म्हस्कू गाभाऱ्याच्या दाराशी आला की थबकतो, खांद्यावरचा टॉवेल उगाच झटकतो, मागं वळून बघतो आणि मग मान खाली घालून आत शिरतो. पूर्वी आत गेल्यावर तो बिरोबाशी मोठ्यानं बोलायचा. पाऊसपाणी, आजारीपाजारी, कुणाच्या पोरीचं जमत नसलेलं लग्न, सगळं देवाच्या कानावर घालायचा. आता आतून नुसता घंटेचा आवाज यायचा आणि म्हस्कू घाईघाईनं बाहेर पडायचा.

कळंबच्या शिवारात, कालव्याच्या कडेला कोकऱ्यांची ही वस्ती आहे. सगळी घरं एकाच भावकीची. म्हस्कूच्या बापापर्यंत सगळ्यांकडं मेंढरं होती. पावसाळा सरला की कळप कोकणात उतरायचे. म्हस्कूनंही घोंगडं खांद्यावर टाकून तो रस्ता तुडवला होता, आणि एकदा तर कोकरू तोंडात धरून पळणाऱ्या लांडग्यामागं नुसती काठी घेऊन तो ओढ्यात उतरला होता. पुढं कळप मोडले, रानात ऊस उभा राहिला, पोरं बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जाऊ लागली. म्हस्कूचा मुलगा संभाजीही तिथंच एका कारखान्यात लागला. देवाची पूजा तेवढी म्हस्कूच्या घराण्याकडं होती तशीच राहिली. साठी जवळ आली तरी ढोल गळ्यात अडकवला की तरण्या पोरांना तो ऐकायचा नाही.

मागच्या साली उसाला पाणी देताना एक पान त्याच्या उजव्या डोळ्याला लागून गेलं. उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते, हे सांगायला नको. त्यानं पाण्याचा हबका मारला, चुना-हळदीचे घरगुती उपाय केले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत डोळ्यात पू झाला होता. पू गेला, पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं. दिवस की रात्र, एवढंच त्या डोळ्याला कळायचं. डॉक्टर म्हणाले, बुबुळ बदलावं लागेल. संभाजीनं पुण्याच्या एका दवाखान्यात नाव घातलं. बरीच वाट पाहिल्यावर एक दिवस फोन आला, आणि बापलेक तातडीनं जाऊन ऑपरेशन करून आले.

इथंच म्हस्कूची चूक झाली. वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी मोतीबिंदू काढून आत भिंग बसवून घेतलं होतं. ते भिंग डबीत बंद होऊन येतं, कंपनीचं असतं, हलकं-भारी मिळतं, हे सगळ्यांना पाठ होतं. म्हस्कूनं बुबुळही तसलंच धरलं. डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा तो नुसता मान हलवत होता. पट्टी सुटली, खिडकीबाहेरचं झाड पानापानानं दिसायला लागलं, तेव्हा हरखून त्यानं पट्टी सोडणाऱ्या नर्सबाईंना विचारलं, की हे कुठल्या कंपनीचं. बाई म्हणाल्या, कंपनीचं नाही बाबा. एक माणूस वारला, त्याच्या घरच्यांनी त्याचे डोळे दिले, म्हणून तुम्हाला दिसतंय.

म्हस्कूनं झाडाकडची नजर काढून घेतली.

आपल्याला काय झालंय ते त्याला परतीच्या वाटेवरच कळलं. घरात मयत झाली की दहा दिवस सुतक, आणि सुतकातल्या माणसानं देवळाची पायरी चढायची नाही, हा वस्तीचा नियम. त्यातून सुतक कधी एकट्याला लागत नाही, सबंध भावकीला लागतं. आता म्हस्कूच्या डोळ्यात एका मेलेल्या माणसाचं काहीतरी होतं. त्या माणसाचं सुतक त्याच्या घरच्यांनी धरलं असेल, फिटलंही असेल. पण जे त्याच्याबरोबर गेलंच नाही, जे कळंबच्या शिवारात उसाला पाणी पाजत हिंडतंय, त्याचं काय? ते कुणी धरलं? आणि ते धरलं नसेल तर आपण रोज त्याच्यासकट देवाच्या अंगाला हात लावतोय.

कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं की कळणार, आणि कळलं की पूजा जाणार. पूजा गेली असती तर त्यानं एक वेळ सोसलं असतं. पण त्याच्या हातचा भंडारा वस्तीतल्या प्रत्येकाच्या कपाळी लागत होता. कुणाची गाय दगावली, कुणाचं बोअर आटलं, की बोट त्याच्याकडं वळणार होतं. त्यानं संभाजीला बजावलं, की कुणी विचारलं तर मोतीबिंदू सांगायचा. बायकोला, छबूबाईलाही त्यानं तेच सांगितलं.

एका खोट्याला सांभाळायला दुसरं लागतंच. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळ्यात घालायचं औषध दिलं होतं आणि विचारल्याशिवाय ते थांबवायचं नाही, असं निक्षून सांगितलं होतं. मोतीबिंदूवाल्यांचं औषध मात्र महिना-दीड महिन्यात संपतं. एक दिवस देवळाच्या कट्ट्यावर म्हस्कूचा चुलतभाऊ बाजीराव, ज्याच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हस्कू, अजून काय वततोस रं डोळ्यात? का रंग देतोयस?" लोक हसले. म्हस्कूही हसला. त्या दिवसापासून औषधाची बाटली धान्याच्या कणगीमागं गेली. आधी तो चोरून घालत होता, मग कधी घालायचा कधी राहायचं, आणि जत्रा जवळ आली तेव्हा त्यानं ते सोडूनच दिलं होतं. डोळ्याला तोवर काही झालं नव्हतं.

जत्रेच्या दिवशी ढोल घुमले, पोरांनी मुठी भरभरून भंडारा उधळला, सगळं आभाळ पिवळं झालं. म्हस्कू सगळ्यांच्या पुढं होता. भंडाऱ्याची एक मूठ त्याच्या तोंडावर आली आणि उजव्या डोळ्यात आग उठली. त्यानं डोळा धुतला, पण दुसऱ्या दिवशी तो लालभडक झाला. उन्हाकडं बघवेना. पाणी थांबेना. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं डावा डोळा झाकून बघितलं, तर समोरचा गोठा चुलीच्या धुरातून बघितल्यासारखा दिसला.

लाली आली, दुखलं, अंधुक दिसलं की त्याच दिवशी या, असं डॉक्टर म्हणाले होते, ते त्याला आठवत होतं. पण हे डॉक्टरच्या हातातलं राहिलंच नाही, अशी त्याची खात्री पटली होती. देवानं आपल्याच भंडाऱ्यानं त्याला ओळखून काढलं होतं. आता देव तो डोळा परत घेणार, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब. संभाजीची लहानगी छकुली अंगणात पाय घसरून पडली तरी त्याला त्यात देवाचा हात दिसायचा. तो तिला जवळ घेईना. ती "आबा" म्हणून धावत आली की तो काहीतरी काम काढून गोठ्यात जायचा.

निमगाव केतकीच्या आठवडे बाजाराला तो गेला, तो काही घ्यायचं होतं म्हणून नव्हे. घरी बसलं की छबूबाई डोळा बघायला मागायची. टॉवेलचं टोक डोळ्यावर धरून तो भाजीच्या ओळीतून चालला होता, तेवढ्यात एका कडेला मांडवाखाली गर्दी दिसली. टेबलामागं एक बाई उभी होती आणि मागं कापडी फलक होता: नेत्रदान, अवयवदान, नावनोंदणी.

ती करुणा. कोऱ्हाळे बुद्रुकची. तिच्या आजोबांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतला, वडील शिक्षक झाले, आणि ती शिकून बारामतीच्या एका दवाखान्यात लागली होती. मयत झालेल्या घरी जायचं, रडणाऱ्या माणसांशी डोळ्यांबद्दल बोलायचं, हे तिचं काम. बाजाराच्या दिवशी ती गावोगाव असा मांडव टाकायची. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन भोवती जमायचे ते ऐकायला कमी आणि थट्टा करायला जास्त. एकजण विचारत होता, पुढच्या जन्मी आंधळा झालो तर जबाबदारी कुणाची. दुसरा म्हणाला, जित्या माणसाला दवाखाना सोडत न्हाय, आता मेल्यावर बी सोडना. करुणाही हसली. मग ती सांगायला लागली, की डोळे काढले तरी चेहरा बिघडत नाही, पापण्या मिटलेल्या असतात, देह घरच्यांच्या ताब्यात मिळतो, सगळे विधी करता येतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं, चष्मा असला तरी चालतं.

म्हस्कूला तिथून पळायचं होतं. पण गर्दी पांगली तरी तो उभाच होता. करुणाचं लक्ष टॉवेलकडं गेलं. तिनं विचारलं, डोळ्याला काय झालं. त्यानं सांगितलं, भंडारा गेला. बघू, म्हणून तिनं टॉवेल बाजूला केला, मोबाईलचा उजेड धरला आणि तिचा चेहरा बदलला. बुबुळाच्या कडेनं बारीक टाके दिसत होते. ती आवाज उतरवून म्हणाली, "आबा, हे बसवलेलं बुबुळ हाय ना? कधीपास्नं लाल हाय? औषध चालू हाय का?"

म्हस्कूनं इकडंतिकडं बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं, ते भलतंच.

"ताई, ज्याचं हे हाय, त्येचं सुतक मला लागतंय का?"

करुणा हसली नाही. तिनं खुर्ची पुढं सरकवली आणि त्याला बसवून सांगितलं, की आमच्यात सुतक पाळत नाहीत, तेव्हा लागतं का नाही हे मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही. "पण माझी आई गेली तवा आमी तिचे डोळे दिले. लई वर्षं झाली त्याला, म्हंजे तुमचा डोळा तिचा न्हवं. कुणाला बसवले ते आमाला सांगत न्हाईत, त्यांनाही आमचं नाव सांगत न्हाईत. मी रस्त्यानं जाताना लोकांच्या डोळ्यांकडं बघत राहते. त्या माणसानं माझ्या आईसाठी काय धरावं न धरावं, मला काय बी वाटत न्हाय. त्यानं डोळा सांभाळावा, एवढंच वाटतं. आन तुमी हा घालवायला बसलाय."

शेवटचं वाक्य तिनं रागानं म्हटलं नव्हतं. ती घाबरली होती, आणि तिची भीती बघून म्हस्कूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच्या हातातल्या मोबाईलवरून तिनंच संभाजीला फोन लावला.

त्याच दिवशी बारामतीत, करुणाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळ्यावर उजेड टाकून बराच वेळ बघितलं. संभाजी बाजूला उभा राहून बोटं मोडत होता. डॉक्टरांनी सांगितलं, की भंडाऱ्यानं आग झाली असेल, पण खरं कारण ते नाही. औषध बंद केलं, हे कारण. दुसऱ्या माणसाचं बुबुळ बसवलं की अंग त्याला परकं समजायला लागतं आणि बाहेर टाकायला बघतं. औषध अंगाला आवर घालून ठेवतं. आता तासातासाला थेंब टाकायचे, दोन दिवसांनी दाखवायला यायचं. वाचेल का, असं संभाजीनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आजच आलात हे बरं झालं, पण आत्ता काही सांगता येणार नाही.

परत येताना म्हस्कू मोटारसायकलवर मागं बसून एकच शब्द घोळवत होता. परकं.

थेंब तासातासाला टाकायचे म्हणजे घरात लपवणं शक्य नव्हतं. त्यानं छबूबाईला समोर बसवून सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता मागं सरकत भिंतीला टेकली. मग तिनं विचारलं, "बाई हुती का बाप्या?"

त्यानं सांगितलं, ठाऊक नाही.

"म्हंजे इतके दिस माज्याकडं कोण बघतंय, ते बी ठावं न्हाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हस्कूला वाटलं, आता ही माहेरची वाट धरणार. पण तासाभरानं तीच उठली, बाटली हातात घेतली आणि त्याला मान मागं टाकायला सांगितली. पहिला थेंब गालावर पडला, दुसरा नाकावर. तिसरा डोळ्यात गेला.

दोन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, वाढलेलं नाही. पण उतरलेलंही नव्हतं. म्हस्कूनं मनाशी काहीतरी ठरवलं. छबूबाईनं ऐकलं तेव्हा तिनं त्याचे हात धरले. लोक वाळीत टाकतील, पोराला वस्तीत राहू देणार नाहीत, डोळा देवानं नेला तर नेऊ द्या पण तोंड उघडू नका, असं ती परोपरीनं सांगत राहिली. तिचं खोटं नव्हतं. म्हस्कूलाही तसंच वाटत होतं. तरी तो उठून गावातल्या न्हाव्याकडं गेला आणि डोकं, मिशा उतरवून आला.

देवळाच्या कट्ट्यावर येईपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. भावकीतली माणसं गोळा झाली. म्हस्कूच्या घरात कुणी गेलं नव्हतं, मग हा मुंडण करून आलाच कसा? भावकीचे वडीलधारे आप्पासाहेब काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण गेलं रं, म्हस्कू?"

म्हस्कू पायरी चढला नाही. खालीच उभा राहून त्यानं सुरुवातीपासून सगळं सांगितलं. मोतीबिंदू नव्हता, हेही सांगितलं. तसाच मी गाभाऱ्यात जात राहिलो, हेही सांगितलं. तो थांबला तसा मागून एका बाईचा आवाज आला, की म्हणूनच आमची म्हैस गाभडली. आणखी कुणी काही, आणखी कुणी काही. सगळ्यांचं सगळं एका जागी येऊन पडायला लागलं. म्हस्कू जमिनीकडं बघत उभा होता. छकुली कुणाच्या कडेवर आहे, एवढंच तो नजरेच्या कोपऱ्यातून शोधत होता.

आप्पासाहेबांनी काठी आपटली. मेलेल्याचं नाव काय, गाव कुठलं, जात काय, असं त्यांनी एकेक विचारलं. प्रत्येकाला म्हस्कूचं उत्तर एकच, ठाऊक नाही.

बाजीराव म्हणाला, "नाव न्हाय, गाव न्हाय. त्येचं सुतक आमी का धरायचं? उद्या ह्यो कुणाची किडनी घालून यील, मंग आमी रोजच डोकी भादरायची का?"

काही जण हसले, पण ते हसू घशातलं होतं. आप्पासाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, हे बघा, इथं दोनच वाटा आहेत. ते माणूस परकं असेल तर सुतक लागतच नाही. मग म्हस्कूनं देवाचं काही बिघडवलं नाही, कुणाच्या म्हशीचा त्याच्याशी संबंध नाही, उद्यापासून त्यानं खुशाल पूजा करावी. आणि ते आपलं असेल तर सुतक त्याला एकट्याला नाही. सगळ्या भावकीला आहे, मलाही आहे. मग त्यांनी म्हस्कूकडं बघितलं. "तुज्या डोळ्यात हाय, तूच सांग. परकं का आपलं?"

सुटायला एक शब्द पुरे होता. बाजीरावही मान हलवून खुणावत होता, की म्हण परकं आणि मोकळा हो. पूजा राहिली असती, घर राहिलं असतं, आणि वस्तीनं दुसऱ्या दिवशी बाजीरावाच्या थट्टेवर सगळं उडवून लावलं असतं. लांडग्यामागं धावताना त्याला एवढी भीती वाटली नव्हती.

तो म्हणाला, "डाक्टर म्हनला, अंग त्याला परकं समजतंय म्हून डोळा जातोय. मी बी तेच करत हुतो, आप्पा. चोरावाणी लपवत हुतो. आता मी परकं म्हननार न्हाय. तुमी मला आत घेऊ नका, चालंल. पर ते आपलं माणूस हाय."

मग आप्पासाहेब गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पायऱ्या उतरून म्हस्कूच्या शेजारी खाली येऊन उभे राहिले. ते एवढंच म्हणाले, "मंग दार लावा देवळाचं."

सुतक पाळलं गेलं, पण सगळ्यांनी सारखं नाही. काही जणांनी डोकी उतरवली. बाजीरावानं उतरवलं नाही, पण देवळाकडं तो फिरकलाही नाही. दोन घरांनी म्हस्कूच्या घरचं पाणी पिणं बंद केलं, ते आजही पुरतं सुरू नाही. ढोल खुंटीला टांगून ठेवले. छबूबाई तासातासाला थेंब टाकत राहिली, आणि म्हस्कू रोज सकाळी डावा डोळा झाकून गोठ्याकडं बघत राहिला. एक दिवस त्याला दावणीची दोरी दिसली. मग दोरीची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, निवळतंय, पण औषध आता माझ्या परवानगीशिवाय सोडलंत तर माझ्याकडं येऊ नका.

दहाव्याला नीरेच्या काठावर विधी झाला. विधी सांगणाऱ्यानं नाव विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आप्पासाहेब म्हणाले, डोळा देणारं माणूस म्हणा. तसं म्हणून पाणी सोडलं.

जेवणाला संभाजीनं करुणाला बोलावलं होतं. ती आली, मांडवाच्या कडेला बायकांच्यात बसली आणि आपल्या कामाचं अवाक्षर काढलं नाही. लोकच एकेक करून तिच्याजवळ सरकले. बाजीरावानं विचारलं, की खरंच किडनी पण घेतात का. तिनं सांगितलं, घेतात, पण किडनी, लिव्हर वगैरे घरी मेलेल्या माणसाचं चालत नाही. दवाखान्यात मेंदू कायमचा बंद पडलेला असतो आणि श्वास यंत्रावर चालू असतो, तेव्हाच. डोळे मात्र घरी मयत झाली तरी देता येतात. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवायचं, तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, उशी थोडी उंच करायची. आणि तिनं बजावून सांगितलं, की नोंदणी केली तरी शेवटी घरच्यांनी होकार दिल्याशिवाय काही होत नाही. म्हणून माझ्याकडं नाव द्या न द्या, आज रात्री जेवताना घरच्यांना सांगून ठेवा.

पहिलं नाव म्हस्कूनं दिलं. करुणानं मोबाईलवर त्याची माहिती भरली. आप्पासाहेबांनी आपलं दिलं. बाजीरावानं आपला मोबाईल पुढं केला आणि नुसतं बघायचंय, असं म्हणून परत खिशात घातला. छबूबाई दूर उभी होती. करुणानं तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "मला भ्या वाटतं, बाई. माजं नाव घालू नगा. ह्यांचा येळ आला तर मातर मी न्हाय म्हननार न्हाय."

करुणा म्हणाली, मावशी, तेवढंच पाहिजे असतं.

ती निघाली तेव्हा म्हस्कू तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला. काहीतरी विचारायचं त्याच्या मनात होतं आणि ते त्याला जमत नव्हतं. एसटी लांबून येताना दिसली तेव्हा कुठं तो बोलला.

"ताई, माज्यानंतर ज्येला हे बसवशीला, त्यो बी माज्यावाणीच भियील. त्येला येक सांगशीला? म्हनावं, सुतक आमी हितं धरू, सगळी भावकी धरंल. तू फकस्त औषध चुकवू नगंस."

करुणा म्हणाली, कुणाचं कुणाला सांगायचा नियम नाही, आबा.

"मंग सगळ्यास्नीच सांगत जा," म्हस्कू म्हणाला.

एसटी गेल्यावर तो देवळाशी आला. दार उघडलेलं होतं, आत कुणीतरी दिवा लावून ठेवला होता. उंबऱ्याशी तो सवयीनं थबकला. भीती होती तिथंच होती, थोडी लहान झाल्यासारखी. त्यानं डावा डोळा झाकला. दिव्याची ज्योत दिसली, जरा पसरट, पण दिसली. मग त्यानं हात खाली घेतला, आत पाऊल टाकलं, आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. पहिलं त्यानं देवाला सांगितलं, की माझ्याबरोबर एक माणूस आहे.